ग्लेशियर बे: दिवसाला दोनच जहाजं का? आणि बाबांचा एक प्रश्न

पावसाळी_बेडूक:
नमस्कार मंडळी, आई-बाबा आलेत म्हणून जुलैत सिअॅटलहून अलास्का क्रूझ केली. ग्लेशियर बेमध्ये शिरताना पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन आमच्या जहाजावर चढले आणि दिवसभर माईकवर माहिती देत होते, पण वाऱ्यात निम्मं ऐकूच आलं नाही. दिवसाला दोनच क्रूझ जहाजं आत सोडतात म्हणे, आणि तीही मध्येच एकदम हळू करतात, ते का? मार्जरी ग्लेशियरपाशी बराच वेळ थांबलो पण जॉन्स हॉपकिन्सच्या खाडीत नेलंच नाही, आई अजून हळहळतेय. आणि बाबांचा प्रश्न, दरवर्षी देवमासे मोजून यांना मिळतं काय?

खारा_वारा:
आईंना सांगा सप्टेंबरात यायला हवं होतं 😀 त्या खाडीत ग्लेशियरमधून तुटलेल्या बर्फावर सील पिल्लं घालतात, जहाज जवळ आलं की घाबरून पाण्यात उड्या टाकतात आणि पिल्लांची परवड होते. म्हणून मे ते ऑगस्ट क्रूझ जहाजांना तिकडे बंदी.

वेग कमी करतात तो हंपबॅक व्हेलसाठी, त्या जास्त असतील तिथे 13 नॉटची (ताशी साधारण 24 किमी) मर्यादा घालतात. 2001 मध्ये क्रूझ जहाजाच्या धडकेने 'स्नो' नावाची गाभण व्हेल मेली, तिचा आख्खा सांगाडा पार्कच्या मुख्यालयापाशी, बार्टलेट कोव्हला उभा केलाय. शिवाय आवाज, म्हणून जहाजंही दिवसाला दोनच. तिथे पाण्याखाली मायक्रोफोन लावून जहाजांचा गोंगाट नि व्हेलचं बोलणं दोन्ही रेकॉर्ड करतात.

बाबांचा प्रश्न भारी आहे. 1985 पासून दर उन्हाळ्यात शेपटीच्या खालच्या बाजूच्या काळ्या-पांढऱ्या नक्षीवरून एकेक व्हेल ओळखून नोंद ठेवतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखंच. 2014 ते 16 मध्ये समुद्र विचित्र तापला, खाणं आटलं, आणि 2013 ते 2018 मध्ये तिथल्या व्हेल 56 टक्क्यांनी घटल्या, पिल्लं तर जगेचनात. आता आधीची तीस वर्षं कुणी मोजलंच नसतं तर 'यंदा कमी दिसतायत बुवा' एवढंच म्हणत बसलो असतो ना.

रोखठोक:
ते ठीक, पण बर्फाचं काय? 1794 ला ब्रिटिश कप्तान व्हँकुव्हरच्या लोकांनी पाहिलं तेव्हा बर्फ पार खाडीच्या तोंडाशी होता, 1879 ला निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर गेला तोवर निदान 50 किमी मागे. तेव्हा कुठे गाड्या होत्या? जॉन्स हॉपकिन्स ग्लेशियर तर कित्येक दशकं पुढे सरकत होता. उगाच हवामान बदलाचा बागुलबुवा.

खारा_वारा:
@रोखठोक आकडे बरोबर, निष्कर्ष गडबड. समुद्रात उतरणारा ग्लेशियर स्वतःच आणलेल्या दगडमातीच्या बांधावर टेकून उभा असतो, तो बांध सुटून मागच्या खोल पाण्यात गेला की भराभर तुटत जातो, नवा बांध साचला की परत हळूहळू पुढे येऊ शकतो. म्हणून नुसतं तोंड कुठे आहे ते बघून भागत नाही, वर बर्फ किती जाड उरलाय तेही मोजावं लागतं, आणि एकूण बर्फ कमीच होतोय. 1794 च्या आधी बर्फ वाढत पुढे आला तेव्हा त्याने तिथल्या मूळ रहिवासी हूना ट्लिंगिट लोकांची गावं गिळली होती, ते विसरू नका. 2016 मध्ये बार्टलेट कोव्हला त्यांचं पारंपरिक घर परत उभं राहिलं.

शेवाळ:
वनस्पतीवाली आहे म्हणून राहवत नाही. विल्यम कूपर या वनस्पती अभ्यासकाने 1916 मध्ये तिथे उघड्या पडलेल्या जमिनीवर छोटे चौकोन आखून कुठलं झाड कधी येतं ते लिहायला घेतलं, 1925 ला हा भाग संरक्षित झाला त्यामागेही तो होता. पुढे चौकोनांचा पत्ताच हरवला, आणि शंभर वर्षांनी त्याच्या जुन्या नोंदींवरून लोकांनी शोधून काढले! आम्हाला कॉलेजात शिकवलेलं शेवाळ, मग आल्डर, मग स्प्रूस असं सरळ गणित तिथे सगळीकडे जमलेलंच नाही, काही ठिकाणी अजून विलोच ठाण मांडून आहे. परीक्षेत मात्र तेच लिहून मार्क घेतले 🙈

पावसाळी_बेडूक:
धन्यवाद लोकहो, बाबांना वाचून दाखवलं, 'मग ठीक आहे' म्हणाले, त्यांच्याकडून हे खूप झालं. आईच्या फोनमध्ये एका शेपटीचा फोटो आहे, ती व्हेल कोण ते कळेल का?

खारा_वारा:
हॅपीव्हेल नावाची साईट आहे, तिथे टाका. खालची बाजू स्पष्ट दिसायला हवी मात्र.

पावसाळी_बेडूक:
अर्धी दिसतेय. उरलेल्या अर्ध्यात बाबांची माकडटोपी आहे.