हिवाळ्यात पहाटे गाडी काढण्यापूर्वी : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

ए-२०२ : सर्वांना नमस्कार. येत्या रविवारी येवल्याला लग्न असल्यामुळे आम्हाला पहाटेच निघावे लागणार आहे. गाडी सर्व्हिसिंगला दिली असता वर्कशॉपने ‘विंटर पॅकेज’ सुचवले असून त्यात इंजिन फ्लश (इंजिनातला तेलाचा गाळ धुऊन काढणे), टायरमध्ये नायट्रोजन आणि डिझेलमध्ये टाकायचे ॲडिटिव्ह यांचा समावेश आहे. नाशिकच्या थंडीत यातले काय खरोखर आवश्यक आहे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

सी-५०१ : ताई, हे पॅकेज नम्रपणे नाकारावे, असे माझे स्पष्ट मत आहे. निफाडचा पारा ५ अंशांखाली गेल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचत असलो, तरी डिझेल गोठण्याची चिंता करण्याइतकी ती थंडी नसते. लडाखसारख्या प्रदेशासाठी इंडियन ऑईलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले. तो प्रश्न तिकडचा आहे, गोदाकाठचा नव्हे. नायट्रोजनचेही तसेच आहे, कारण साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. पारा ५ ते ६ अंशांनी उतरला की टायरमधील दाब सुमारे १ पीएसआयने (पंपावर हवा ज्या एककात मोजतात त्याने) कमी होतो आणि हा नियम नायट्रोजनलाही चुकत नाही. त्यामुळे दुपारी पंपावर, गाडी चालून टायर गरम झालेले असताना भरलेली हवा पहाटे कमी भरते. निघण्यापूर्वी टायर थंड असताना दाब तपासावा आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरील स्टिकरवर दिलेल्या आकड्याइतकी हवा भरून घ्यावी.

पैसे खर्च करायचेच असतील, तर ते बॅटरीवर करावेत. थंडीत बॅटरीच्या आतील रासायनिक क्रिया मंदावते आणि नेमके त्याच वेळी इंजिन ऑईल दाट झाल्यामुळे स्टार्टरला अधिक जोर लावावा लागतो. तीन-चार वर्षे जुनी बॅटरी उन्हाळा कसाबसा काढते आणि डिसेंबरात एखाद्या सकाळी नुसता ‘टक्‌’ असा आवाज करून थांबते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीने साधारण १२.६ व्होल्ट दाखवायला हवेत, १२.४ पेक्षा कमी दाखवत असेल, तर लोड टेस्ट (भार देऊन बॅटरीची ताकद तपासणे) करून घ्यावी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, तर आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह वायर काढून खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने ती ब्रशने घासून काढावी.

बी-१०३ : काका, कूलंट बदलावे का? येथे पाणी गोठत नसेल, तर साधे पाणी चालायला हरकत नसावी.

सी-५०१ : साधे पाणी मुळीच चालणार नाही. कूलंट गंज रोखते आणि उकळण्याचा बिंदूही वाढवते, म्हणून आपल्याकडे त्याची खरी गरज उन्हाळ्यात आणि घाटात असते. बोअरच्या पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार धरतात. मात्र पातळी योग्य असेल आणि मुदत संपलेली नसेल, तर केवळ थंडी आली म्हणून ते बदलण्याचे कारण नाही.

ए-४०४ : मी या रस्त्याने नियमित जात असल्यामुळे एक गोष्ट आवर्जून सांगतो. चांदोरीपासून निफाडपर्यंत गोदावरी आणि नांदूरमध्यमेश्वरचे पाणी जवळ असल्याने पहाटे धुके दाट असते, आणि त्याच वेळी विंचूरच्या बाजारात कांदा नेणारे ट्रॅक्टर व उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा तर नसतोच, पण रिफ्लेक्टरवरही चिखल बसलेला असतो. धुक्यात अप्पर लाइट लावल्यास प्रकाश उलट आपल्याच डोळ्यांवर येतो, म्हणून डिपर आणि फॉग लॅम्पच वापरावेत. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवण्याची जी पद्धत पडली आहे, तिचा मला मनस्वी राग येतो, कारण वळणार कोण आणि थांबलेले कोण हे मागच्याला कळत नाही. शक्य असल्यास तासभर उशिरा निघावे. अक्षता दहा मिनिटे उशिरा पडल्या तरी चालतात.

ए-२०२ : मनःपूर्वक आभार. मागच्या वेळी काच आतून सारखी धूसर होत होती, त्यावर काय उपाय करावा?

ए-४०४ : ती आपल्याच श्वासाची वाफ असते. हीटरसोबत एसीही चालू ठेवावा, कारण एसी हवेतील ओलावा शोषतो, आणि हवा आतल्या आत फिरवण्याऐवजी बाहेरची घ्यावी. हाताने पुसू नये, त्यामुळे तेलकट ओरखडे उमटतात आणि समोरून दिवे आले की काही दिसत नाही. काच आदल्या दिवशी आतूनही स्वच्छ करून ठेवावी आणि वायपरचे रबर कडक झाले असेल, तर तेही बदलावे.

सचिव : सर्व सभासदांना विनंती आहे की, गाडी ‘गरम करण्यासाठी’ स्टिल्ट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून उभे राहू नये. अर्ध्या मिनिटानंतर हळूहळू निघाल्यास आजच्या इंजिनांना तेवढे पुरते, तर धूर मात्र पहिल्या मजल्यावरील शयनगृहांत शिरतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. बॉनेटखाली ऊब शोधत मांजरे बसतात, त्यामुळे स्टार्टर मारण्यापूर्वी बॉनेटवर दोनदा थाप मारावी.

बी-१०३ : माझ्याकडे जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून बंद गाडी सुरू करण्याची वायर) आहे. रविवारी गरज पडली, तर वॉचमनकडून निःसंकोच मागून घ्यावी. फक्त काळ्या वायरचे शेवटचे टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता तिच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे.