अनुभव धागा : वाई, मेणवली, धोम – कृष्णाकाठच्या आणि पांडवगडाखालच्या पळायच्या वाटा

या पट्ट्यात नेमाने पळणाऱ्यांसाठी हा धागा. कृष्णेवरचं धुकं किती सुंदर दिसतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, ते राहू द्या. अंतर, चढ, पायाखाली काय, कोणत्या महिन्यात काय बिघडतं आणि का, एवढंच लिहा. नवख्याने आज वाचून उद्या पहाटे निघावं, इतपत नेमकं.

*

आधी एक गैरसमज काढून टाकू. 'नदीकाठची वाट' अशी सलग वाट इथे नाही. उसाची आणि हळदीची रानं थेट काठाला भिडलेली आहेत. त्यामुळे डांबरी रस्ता, पाणंद (शेतातून जाणारी कच्ची वाट) आणि कालव्याचा बांध असे तुकडे जोडूनच पळावं लागतं.

सगळ्यात सोपा तुकडा म्हणजे वाईचा गणपती घाट ते मेणवलीचा घाट. साधारण ३ किमी, डांबरी, चढ जाणवण्याइतका नाही. जाऊन-येऊन ६. तसंच पुढे धोमला नरसिंहाच्या देवळापर्यंत गेलात तर जाऊन-येऊन १६-१७ किमी होतात. मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यामागून घाटावर उतरायचं आणि घंटेच्या छोट्या देवळापाशी वळायचं. (१७३९च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेली हीच ती घंटा. घड्याळ थांबवून दोन मिनिटं बघितली तर वेळ काही बिघडत नाही.)

घाटाच्या पायऱ्यांवर धावत चढउताराचा व्यायाम करू नका. दगड झिजलेला आहे आणि पायऱ्यांची उंची सारखी नाही. पाण्यालगतच्या पाच-सहा पायऱ्यांवर शेवाळ असतं, त्यात सकाळी धुण्याच्या साबणाचं पाणी. तिथे कुठलाच बूट धरत नाही.

*

वरच्यात भर, रस्त्याबद्दल. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून उजव्या कडेने पळतो, ते बरोबरच. पण रस्ता उजवीकडे वळतो तिथे आपण वळणाच्या पोटात येतो आणि समोरच्याला दिसतच नाही. अशा वळणाआधी पन्नास पावलं डावीकडे जायचं, वळण संपलं की परत उजवीकडे.

उसाच्या गळिताचा हंगाम साधारण दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो, तो उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. ट्रॅक्टर आपल्याला चुकवून जातो, पण वळणावर मागची ट्रॉली आत ओढते. शिवाय उसाची टोकं कडेबाहेर आलेली असतात. ट्रॉली दिसली की सरळ साइडपट्टीच्या खाली उतरायचं.

आणखी एक. डांबरी रस्ता मध्ये उंच, कडेला उतरता असतो. जातानाही उजवी कड, येतानाही उजवी कड, म्हणजे दोन्ही वेळा उजवाच पाय खाली. परत येताना हिशेब फिटतो असं अनेकांना वाटतं, तो फिटत नाही. महिनाभर रोज असं पळून एकाच बाजूचा गुडघा किंवा कंबर धरली, तर बुटांना दोष देण्याआधी हे तपासा. आठवड्यातले दोन दिवस तरी सपाट मातीवर पळा.

*

सपाट माती हवी तर धोम धरणाच्या डाव्या कालव्याचा बांध. कालवा डोंगराच्या कुशीने, जमिनीची पातळी धरून जातो आणि त्याला उतार अगदी नावापुरता असतो. म्हणून बांधावर एका लयीत, न थांबता लांब पळता येतं. लांब पल्ल्याच्या सरावाला याच्यापेक्षा बरं इथे काही नाही, असं माझं मत.

मात्र दोन गोष्टी. तोंड धुवायलासुद्धा कालव्यात उतरू नका. अस्तर केलेली बाजू तिरकी आणि बुळबुळीत असते. पाय घसरला तर धरायला काही नाही, आणि पाणी वरून वाटतं त्यापेक्षा जोरात ओढतं. दुसरं म्हणजे पाण्याची पाळी, म्हणजे शेतीसाठी कालव्याला पाणी सोडतात ते दिवस. पाळी सुरू असली की खालच्या पाणंदीतून पाटाचं पाणी वाहतं आणि आभाळ निरभ्र असूनही जानेवारीत गुडघाभर चिखल लागतो. काळी माती तळव्याला थर धरते, शंभर पावलांत बूट दुप्पट जड होतो आणि घोटा वाकडा पडू लागतो. त्यातून पळायचा हट्ट करू नका, बांधावरूनच माघारी फिरा. उभ्या पिकातून किंवा नुकत्याच भिजवलेल्या सरीतून तर मुळीच जाऊ नका. एकाने सरी तुडवली की पुढे सगळ्यांनाच वाट बंद होते.

*

पावसाळा : धरणातून विसर्ग सुरू झाल्याचं कळलं की घाट आणि नदीलगतच्या पाणंदी सोडून द्या. वाईत पाऊस नसला तरी वर पश्चिमेला कोसळत असतो आणि पाणी तिथून येतं. वाईच्या घाटावरच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, ती पुराचं पाणी फाटून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. १७६२मध्ये बांधणाऱ्यांनी नदीचा इतका विचार केला होता.

*

आता झाडीकडे. मेणवलीकडून पांडवगडाच्या पायथ्याला लागलं की सुरुवातीला रानं, मग गवताळ माळ आणि वर विरळ पानगळीची झाडी. घनदाट जंगल समजून येऊ नका. इथे पळण्यापेक्षा जलद चालणंच जास्त होतं. ६ किमीला डांबरीवर लागतो त्याच्या दुप्पट वेळ धरा.

इथला खरा त्रास बिबट्याचा नाही, कुसळांचा आहे. पावसाळा संपला की गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. कुसळाला पुढे सुईसारखं टोक असतं, त्यावर मागे वळलेले बारीक केस आणि शेवटी लांब शेपूट. ही शेपटी ओल लागली की उलगडते आणि वाळली की पिळते. म्हणजे मोज्यात अडकलेलं कुसळ घामाने आणि उन्हाने आपोआप गिरमिटासारखं आत शिरत जातं. जाळीचा बूट आणि लोकरी किंवा सुती मोजा हे सगळ्यात वाईट. गुळगुळीत नायलॉनचे, पोटरीपर्यंतचे मोजे घाला. बुटाच्या तोंडावर गेटर (घोटा आणि बुटाचा काठ झाकणारं कापडी आवरण) असेल तर उत्तम. नसेल तर जुन्या मोज्याचा पंजा कापून उरलेली नळी घोट्यावरून बुटाच्या काठावर ओढून घ्या.

काढताना शेपटी धरून मागे ओढू नका, केस अडतात आणि टोक तुटून आत राहतं. मोजा उलटा करायचा आणि टोकाला चिमटीत धरून ज्या दिशेने शिरलंय त्याच दिशेने पुढे ओढायचं. धुण्याआधीच काढा. ओल लागली की राहिलेली कुसळं फिरून आणखी आत जातात.

फेब्रुवारीनंतर गवत बसतं, पण मग पानगळीखाली दगड दिसत नाहीत. उतारावर पावलं आखूड ठेवा. पहाटे निघाल तर विजेरी पायासमोर चार-पाच फुटांवर धरा. घोणस वाटेतच वेटोळं करून पडलेली असते. चावलीच तर चिरणं, बांधणं, चोखणं काही नको. पाय न हलवता थेट सरकारी रुग्णालय.

*

चढ हवा असेल तर पसरणी घाट. वाई ते पाचगणी १२ किमी, चढ साडेपाचशे मीटरच्या वर. सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणून पळण्याजोगा आहे. शनिवार-रविवार टाळा. उतरताना मांड्या जातात, तेव्हा पहिल्या वेळी वर चढून एसटीने खाली या. माकडं हातातली पिशवी ओढतात, खाऊ कमरेच्या पट्ट्यात ठेवा.

*

पाण्याचं कोणी लिहिलं नाही. मेणवली सोडली की भल्या पहाटे दुकान उघडं मिळेल असं धरू नका. थंडीत तासाला ४०० मिली, मार्च ते मे ६००-७०० मिली जवळ हवं. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटरचं असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतू नका, फार घट्ट होतं आणि पोट बिघडतं. डिसेंबर-जानेवारीत ७च्या सुमाराला उजाडतं, जूनच्या सुरुवातीला ६ला. एप्रिलमध्ये साडेआठच्या आत घरी.

*

भिजलेले बूट कसे वाळवता?

*

आतला तळ बाहेर काढून वेगळा वाळवायचा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे घट्ट भरायचे आणि तासाभराने बदलायचे. चुलीजवळ किंवा कडक उन्हात नको, डिंक सुटतो.