मेरिलिनचा तो खड्यांचा ड्रेस किमने घालायला हवा होता का?

मधली_सून: काल बहिणीशी यावरून वाजलं म्हणून इथे विचारतेय. 1962 ला हॉलिवूडच्या मेरिलिन मन्रोने अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींसाठी हॅपी बर्थडे गायलं तेव्हाचा तो अंगाच्या रंगाचा ड्रेस, अडीच हजार खडे हाताने टाकलेला, 2022 च्या मेट गालाला, म्हणजे न्यूयॉर्कच्या म्युझियममधल्या फॅशन सोहळ्याला, टीव्हीवाल्या किम कार्दाशियनने घातला. रिप्लेज म्हणून अजब वस्तूंची म्युझियमं चालवणारी कंपनी आहे, तिने तो 2016 ला लिलावात 48 लाख डॉलरला घेतलेला, त्यांनीच दिला. मग बिघडलं काय? ती पायऱ्यांपुरतीच चालली, वर जाऊन लगेच कॉपी घातली. आजीची पैठणी मी लग्नात नेसलेच की, पेटीत कसर लागण्यापेक्षा बरं!

शिवण_टिपण: पैठणीचं इथे लागूच होत नाही ताई. साडी कुणालाही बसते, कमी पडली तर दोन निऱ्या कमी घ्यायच्या. हा ड्रेस मेरिलिनच्या अंगावर टाके घालून बसवलेला. किमने तीन आठवड्यांत 16 पाउंड उतरवले तरी मागून बंद झाला नाही, वरून पांढरी फर घ्यावी लागली. कापड झिरझिरीत, साठ वर्षं जुनं, त्यात खड्यांचं वजन, म्हणजे पाऊल टाकलं की सगळा भार टाक्यांवर. मी ब्लाउज शिवते, नवीन नेटवर मणीकाम असलं तरी हँगरला लावत नाही, खांद्यातून ओघळतं, आडवंच ठेवते.

खडूस_काका: अहो पण फाटला कुठे? खडे लोंबतायत म्हणून फोटो फिरले तेव्हा रिप्लेजने सांगितलं ना काही झालं नाही, शिवणी ओढल्याची नोंद 2017 च्या अहवालातच होती म्हणून. उगाच बाऊ. किमने घातला नसता तर आपण आज यावर बोललो तरी असतो का?

शिवण_टिपण: काका, शिवणी ओढल्यात हे 2017 लाच माहीत होतं तर 2022 ला द्यायचा कशाला?? हे तुमच्याच अंगावर येतंय. आयकॉम म्हणून जगभरच्या म्युझियमवाल्यांची संघटना आहे, तीही तेव्हा म्हणाली की ऐतिहासिक कपडे कोणीच घालू नयेत. कॉपी होतीच ना, तीच घालून चढायच्या पायऱ्या.

मधली_सून: कॉपीला कोण विचारतं हो. पण साडीचं पटलं... अर्धवट. कारण खरं सांगू का, आजीची पैठणी लग्नात घडीवर चिरली, पिना लावून निभावलं, आईला अजून सांगितलेलं नाही. तरी नेसल्याचं वाईट नाही वाटत.

खडूस_काका: मग किमला तरी कशाला वाटेल! 😄

शिवण_टिपण: काका, पैठणी तिच्या आजीची होती. मेरिलिन किमची कोण?