जुन्या सफारीला कंपनीसारखे इलेक्ट्रिक आरसे आणि फॉग लॅम्प बसवायचेत, वायरिंग कशी करू?

मुलुंडचा_सफारीवाला
मंडळी, २०१० ची सफारी डायकॉर २.२ आहे, खालचं व्हेरियंट. पंधरा वर्षं झाली म्हणून ग्रीन टॅक्स भरून रिपासिंग करून घेतलं, आता पाच वर्षं तरी गाडी कुठे जात नाही, बाबा विकूच देत नाहीत. आरसे हाताने फिरवायचे आहेत, डावा सेट करायचा तर बायकोला "अगं अजून थोडा खाली, एवढा नको" असं सिग्नल सुटेपर्यंत चालतं. फॉगच्या जागी बंपरला नुसतं प्लास्टिकचं झाकण. मला डॅशबोर्डला भोक पाडून लाल दिव्याचा बाजारू स्विच नकोय, बघणाऱ्याला वाटलं पाहिजे शोरूममधूनच असं आलंय. एका ॲक्सेसरीवाल्याने सांगितलं दोन तासात करतो, सप्लाय हेडलाइटच्या वायरमधूनच घेऊ. ते काही पटलं नाही. वरच्या मॉडेलचे पार्ट आणले तर सरळ कपलर (वायरींचा प्लग) लावून काम होतं का? पावसाआधी उरकायचंय.

कल्याण_कर्जत
नाही पटलं ते बरं झालं. आधी एक पैसा खर्च न करता दरवाज्याचं पॅड उघड आणि डॅशबोर्डच्या कोऱ्या स्विचमागे हात घालून बघ, रिकामा कपलर लोंबतोय का. कंपन्या बऱ्याचदा दोन-तीन व्हेरियंटना एकच हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) टाकतात पण दरवेळी नाही, त्यामुळे बघितल्याशिवाय पार्ट घ्यायचे नाहीत. कपलर असला तरी मल्टिमीटर लावून सप्लाय येतो का ते तपास, कधी कधी फ्यूजच बसवलेला नसतो.

आरशांचं काम दिसतं तेवढं अवघड नाही. आत दोन छोट्या मोटर, एक वर-खाली एक डावी-उजवी, साध्या आरशाला बहुतेक तीनच वायरी, एक दोघींना कॉमन. दिशा बदलायला स्विच प्लस-मायनस उलटवतो, बस. करंट इतका कमी की रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लागत नाही. फोल्डिंगवाला घेतलास तर वायरी वाढतात, ते डोक्यात ठेव.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर कटिंगचा, म्हणजे तोडलेल्या गाड्यांचा माल मिळतो. घेताना आरसा, स्विच आणि समोरचे कपलर वीतभर वायरीसकट कापून घे, दुकानदार कपलर द्यायला कुरकुर करतो पण खरी किंमत त्याचीच आहे, कारण नंतर सुटा कपलर शोधत फिरावं लागतं. आणि तिथेच बॅटरीवर दोन्ही मोटर फिरवून दाखवायला सांग.

गरम_सोल्डर
फॉगचा हिशोब सांगतो. ५५ वॉटचे दोन म्हणजे ११० वॉट, १२ व्होल्टला साधारण ९ अँपिअर. हा लोड हेडलाइटच्या वायरवर आणि स्विचवर टाकला तर आधी हेडलाइट मंद होणार, मग स्विच गरम होणार, मग वास. म्हणून रिले. बॅटरीच्या प्लसवरून वायर, बॅटरीपासून वीतभरात १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ मधून लॅम्पला, ८५ बॉडीला अर्थ, ८६ ला स्विचकडून आलेली वायर. लॅम्पला २.५ स्क्वेअर एमएम, स्विचकडे बारीक चालते.

कंपनीसारखं वाटायला मेख इथे आहे: स्विचचा सप्लाय पार्किंग लाइटच्या वायरवरून घ्या. म्हणजे पार्किंग चालू असेल तरच फॉग लागतो आणि दिवे बंद केले की तोही जातो, रात्रभर राहून सकाळी बॅटरी झोपलेली असं होत नाही. नुसता दिसायला ओरिजिनल स्विच लावून काय फायदा, वागला पण तसाच पाहिजे ना.

घाटातला_माणूस
मुंबईत फॉग कशाला हवेत 😄 माळशेजला जाणार असशील तर बसव, नाहीतर फक्त आरसे कर आणि पैसे वाचव. आणि बसवलेसच तर हॅलोजनच ठेव, ते निळसर पांढरे बल्ब टाकून समोरच्याला आंधळं करू नको.

गरम_सोल्डर
@घाटातला_माणूस बल्बचं एकदम बरोबर. बाकी जॉइंटचं सांगायचं राहिलं, काळी टेप गुंडाळून सोडलेला जॉइंट आपल्या पावसात टिकत नाही, टेपचा डिंक सुटतो आणि आत तांबं हिरवं पडतं. क्रिम्प किंवा सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी), इंजिनात सगळीकडे नळीदार स्लीव्ह. सोल्डर, श्रिंक, रिले सगळं लॅमिंग्टन रोडला मिळेल. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) वायर काढताना भोकाला रबरी ग्रोमेट (कडी) नसेल तर पत्रा वायर कापतोच. काम सुरू करायच्या आधी बॅटरीचा मायनस काढा.

मुलुंडचा_सफारीवाला
भारी माहिती, धन्यवाद. आज पॅड उघडलं. उजव्या दरवाज्यात रिकामा कपलर सापडला, डाव्यात काहीच नाही!! म्हणजे डावीकडे दरवाजा आणि खांबामधल्या रबरी नळीतून नवीन वायरी ओढाव्या लागणार?

कल्याण_कर्जत
हो, तिथूनच. नळीला थोडं साबणाचं पाणी लाव, कडक तार आधी घाल आणि तिला वायरी बांधून ओढ, दरवाजा पूर्ण उघडून मापाला थोडी ढील ठेव. फ्लेक्सिबल वायरच घे, घरातली कडक घेतलीस तर दरवाजा उघडून-मिटून आतून तुटेल आणि बाहेरून कळणारही नाही. सगळं झालं की गाडी बंद करून, लॉक करून बॅटरीच्या मायनसला मीटर सिरीजमध्ये (बॅटरी आणि तिच्या काढलेल्या वायरच्या मधे) लाव, म्हणजे बंद गाडी किती करंट खाते ते कळतं, ५० मिलीअँपिअरच्या आत आलं पाहिजे, जास्त दिसलं तर एक एक फ्यूज काढत जा. उजव्या कपलरचा फोटो टाक, पिना बघून सांगतो.