जावात 'आपलं' रामायण शोधायला जायचं का?

निळी छत्री

जूनमध्ये नऊ दिवस इंडोनेशियात, जावा बेटावर होते. दोन दिवस जकार्ता, मग साडेसहा-सात तासांची रेल्वे, आणि उरलेले सगळे दिवस योग्याकार्ता. तिथले लोक नुसतं जोग्जा म्हणतात.

निघण्याआधी घरात, ऑफिसात, सोसायटीत सगळ्यांनी एकच सांगितलं: "देश मुसलमानांचा, पण नोटेवर गणपती. रामायण अजून चालतं. आपली संस्कृती कुठवर पोचली होती ते बघून ये." मीही तेच डोक्यात घेऊन विमानात बसले. (नोटेचं आधी सांगते. गणपतीची वीस हजार रुपियाची नोट 1998 सालची. ती चलनातून केव्हाच बाद झाली, फॉरवर्ड मात्र अजून फिरतोय.)

जोग्जाजवळच्या प्रंबानन मंदिरसमूहातल्या शिवमंदिरात उत्तरेकडच्या गाभाऱ्यात महिषासुरमर्दिनी आहे. आत अंधार. मोबाइलचा उजेड पाडला तेव्हा रेड्याची पाठ दिसली, मग तिचे हात. मी हात जोडले आणि आमच्या वाटाड्याला महिषासुराची गोष्ट सांगायला लागले. पंचविशीतला मुलगा, शांतपणे ऐकत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "आम्ही हिला लोरो जोंग्रांग म्हणतो." म्हणजे सडपातळ कुमारी. ही एक राजकन्या. ज्याने हिच्या बापाला मारलं त्या बांदुंग बोंदोवोसोनेच हिला मागणी घातली. हिने अट घातली, एका रात्रीत हजार मंदिरं बांध. भुताखेतांच्या मदतीने त्याची 999 झाली. मग हिने गावातल्या बायकांना उठवून भात कांडायला बसवलं आणि पूर्वेला जाळ पेटवला. पहाट झाली समजून कोंबडे आरवले, भुतं पळाली. तो इतका संतापला की त्याने हिचीच शिळा केली. हजारावं काम तेच.

तो सांगत होता आणि मी मध्येच म्हणाले, "पण मुळात ही दुर्गा आहे ना." तो थांबला. हसला. पुढे काही बोललाच नाही. रात्री खोलीवर आल्यावर कळलं की मी काय करून बसले. त्याच्या आजीने त्याला सांगितलेली गोष्ट मी अर्ध्यात तोडली होती.

त्यानंतर मी समजावून सांगणं बंद केलं. बातिकच्या एका अंगणात तासभर बसले. एक बाई बुटक्या स्टुलावर, समोर लाकडी चौकटीवर टाकलेलं कापड, बाजूला छोट्या शेगडीवर वितळलेलं मेण. हातात चांतिंग, म्हणजे तांब्याच्या इवल्या चोचीची लेखणी. मेणात बुडवायची, चोचीवर हलकी फुंकर मारायची आणि मग रेघ ओढायची. प्रत्येक वेळी फुंकर. तासाभरात वीतभरही काम झालं नव्हतं. यात 'आपलं' असं काहीच नव्हतं, आणि पूर्ण प्रवासात इतकी गुंगून मी दुसरं काही पाहिलं नाही.

तर माझं मत: जावाला जाताना 'आपलं काय सापडतं' हा हिशोब घरी ठेवून जावं. तो हिशोब समोरच्या माणसाचं तोंड बंद करतो.

दशग्रंथी

असहमत, आणि मनापासून असहमत.

दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन गेलो होतो. वय 72. इंग्रजी जेमतेम, तिथली भाषा शून्य. प्रंबाननच्या पटांगणात रात्री रामायण नृत्य होतं, 1961 पासून चालू आहे. मागे ती काळी उंच देवळं, समोर शेकडो नर्तक, संवाद एकही नाही. आईला एक प्रसंग कुणी समजावून द्यावा लागला नाही. सोनेरी हरीण आलं तशी ती पुढे सरकून बसली. जटायू पडला तेव्हा डोळे पुसले. शेजारी एक जावानीज आजी हिजाब घालून बसल्या होत्या, त्यांनीही पुसले. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि निघताना हात हातात घेऊन उभ्या राहिल्या. ओळखीचं नसतं तर आई पहिल्या दहा मिनिटांत थकली असती. ओळख हाच तिचा दरवाजा होता.

दुसरं, इतिहास. जुन्या जावानीजमधलं रामायण काकविन, म्हणजे रामायणाचं काव्य, नवव्या शतकाच्या आसपासचं, आणि त्याचा मोठा भाग संस्कृत भट्टिकाव्यावर आधारलेला आहे. भाषा बघा. नवरा म्हणजे सुआमी, बायको इस्त्री, धर्म म्हणजे आगामा, पाप म्हणजे दोसा. रमझानच्या रोजाला शब्द आहे पुआसा, तो आपल्या उपवासातून गेला. 'कारण' आपण मराठीत जसं वाक्य जोडायला वापरतो तसंच ते 'कारेना' वापरतात. हे नातं खरं आहे. ते बोलायचं नाही म्हणणं मला तितकंच चूक वाटतं.

निळी छत्री

आईंचा अनुभव वाचून भरून आलं. त्यांना माझा मुद्दा लागूच होत नाही, कारण त्यांनी कुणाला काही शिकवलं नाही. त्या बसल्या आणि त्यांनी पाहिलं. मी शिकवायला गेले होते.

तुमच्या शब्दांच्या यादीत एक भर घालते. 'चिंता' तिकडे गेला आणि त्याचा अर्थ झाला प्रेम. शब्द आपला म्हणून तिथेच थांबलं तर चिंतेचं प्रेम कसं झालं हा प्रश्नच पडत नाही. मला तो प्रश्न जास्त मोलाचा वाटतो.

महाभारताचंही तेच. सावल्यांच्या खेळात, म्हणजे वायांगमध्ये, द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची बायको आहे. श्रीकांदी, म्हणजे आपला शिखंडी, तिथे धनुष्य चालवणारी बाई आहे, अर्जुनाच्या बायकांपैकी एक. युधिष्ठिराचं सर्वांत मोठं अस्त्र एक पोथी आहे, तिचं नाव कालिमासादा. तिथले मुसलमान त्या नावात कलिमा-शहादा ऐकतात. आणि सेमार! ढेरपोट्या, कुरूप, पांडवांचा नोकर, पण मुळात देव. व्यासांकडे तो नाही. मध्यरात्री सेमार आणि त्याची पोरं पडद्यावर आली की झोपलेली माणसं उठून बसतात. "आमच्या महाभारतात असं नाही" म्हणणाऱ्याला सेमार भेटणार कसा?

कर्ली काठ

तुम्हा दोघांशीही माझं भांडण आहे, राग मानू नका.

'आपलं' म्हणजे नेमकं कुणाचं? मी कुडाळ तालुक्यातला. आमच्याकडे पिंगुळीला ठाकर समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा, सांगत आली. कळसूत्री बाहुल्या आहेत, आणि चामड्याच्या बाहुल्याही. मागे दिवा, पुढे पडदा, त्यावर रामायणाच्या सावल्या. ही कला जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे पुण्या-मुंबईच्या लोकांना नाव कळलं. जोग्जाला सावल्या बघून आलेल्या किती जणांनी पिंगुळीच्या बघितल्यात?

लहानपणी देवळासमोर रात्र-रात्र दशावतार बघितला. सुरुवातीलाच संकासुर येतो, काळे कपडे, आणि भटजीशी मालवणीतून बोलतो. हे कुठल्या संस्कृत ग्रंथात लिहिलंय? आमच्या आजोबांना ते कधी अडलं नाही. जावाचा सेमार वाचल्यावर मला तो पहिल्यांदा संकासुराच्या पंगतीतला वाटला. म्हणजे ओळख पटली, पण ती वाल्मीकीमुळे नाही, गावच्या जत्रेमुळे पटली. म्हणून 'मूळ आपलं, त्यांनी बदललं' हे वाक्यच मला मान्य नाही. आम्हीही बदललंच आहे. सगळ्यांनी आपापल्या अंगणात लावून घेतलंय.

रजेचा अर्ज

इथे सगळे अभ्यासू आहेत, पण मला बाजू मांडायची आहे ती साध्या कुटुंबाची. वर्षातून एकदा सात दिवस रजा मिळते. सोबत दोन मुलं आणि शाकाहारी सासू-सासरे. आम्ही बालीला गेलो आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. सकाळी दुकानाच्या, घराच्या, टॅक्सीच्याही पुढे पानाचा छोटा द्रोण, त्यात फुलं, तांदळाचे दाणे, वर उदबत्ती. त्याला चानांग सारी म्हणतात. माझ्या सासूबाई तिसऱ्या दिवशी हॉटेलातल्या बाईंजवळ बसून तो द्रोण विणायला शिकल्या. हीही संस्कृतीच ना?

आणि जावाचं कौतुक करताना खाण्याचं कुणी सांगत नाही. चटणीत वाळलेल्या कोळंबीची तेरासी असते. भाजी म्हणून मागवावं तर त्यात काहीतरी निघतं. सासऱ्यांना तिथे नेऊन उपाशी ठेवू का?

निळी छत्री

तुमच्या सासूबाईंनी जे केलं तेच मला म्हणायचं आहे. त्या शिकायला बसल्या. बालीला जाऊ नका असं मी म्हटलेलं नाही. (तेरासी मात्र बालीच्या चटण्यांतही असते.)

जोग्जाचं खाणं: गुदेग म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी. नारळाचं दूध आणि ताडगूळ घालून तासन्‌तास शिजवतात, सागाची पानं टाकून तपकिरी रंग आणतात. कोकणातल्या माणसाला कुयरीची भाजी गुळात मुरवल्यासारखी लागेल, चांगलीच गोड. सोबत अंडं, कोंबडी आणि क्रेचेक येतं, ते गाई-म्हशीचं कातडं असतं, म्हणून मागवतानाच "तान्पा क्रेचेक, तान्पा आयाम" सांगायचं. तान्पा म्हणजे शिवाय, आयाम म्हणजे कोंबडी. रस्सा कशाचा आहे तेही विचारा. टेंपे, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या वड्या, या मूळच्या जावाच्याच, आणि सगळीकडे मिळतात. रात्री तुगू स्टेशनजवळच्या हातगाड्यांवर कोपी जोस मिळते. कॉफीच्या पेल्यात लाल निखारा टाकतात, चर्र आवाज होतो, वर फेस येतो. सासऱ्यांना ती नक्की द्या.

मेरापीच्या पल्याड

नोकरीनिमित्त जकार्तात नऊ वर्षं झाली. हा धागा वाचून वाईट वाटतंय ते वेगळ्याच कारणाने. एका बाजूला रामायण, दुसऱ्या बाजूला बातिक आणि सेमार. आज तिथे राहणारी माणसं कुठे आहेत? शहरं कुठे आहेत?

जकार्तातली इस्तिक्लाल मशीद आग्नेय आशियातली सर्वांत मोठी. तिचा आराखडा काढला फ्रीडरिश सिलाबान या ख्रिस्ती वास्तुविशारदाने. रस्त्यापलीकडे कॅथेड्रल आहे, आता दोघांना जोडणारा भुयारी रस्ता झालाय. मोठ्या सणांना एकमेकांची गाड्या लावायची जागा वापरतात. मेट्रो 2019 साली आली. इथून बांदुंग शहराला ऑक्टोबर 2023 पासून वेगवान रेल्वे जाते, पाऊण तासात. त्याच बांदुंगच्या गदुंग मर्देका इमारतीत एप्रिल 1955 मध्ये आशिया-आफ्रिकेतले 29 देश परिषदेला एकत्र बसले होते, नेहरूही होते. भारतीय माणसाला इथलं काही जवळचं वाटावं तर ते सभागृह वाटावं. आपण आणि ते बरोबरीच्या खुर्च्यांवर बसलो होतो. तिथे मला मराठी पर्यटक क्वचित दिसतो.

आता जे सांगतो ते जपून वाचा. माझ्या टीममधल्या सहकाऱ्याचं नाव विष्णू आहे. पाच वेळा नमाज पढतो, मुलाचं नाव बिमा, म्हणजे भीम, ठेवलंय, नावाचा अभिमान आहे. भारतातून पाहुणे आले की जेवताना कुणीतरी हमखास म्हणतं, "म्हणजे तुम्ही आधी हिंदू होता." विष्णू हसतो. नऊ वर्षांत मला एवढं समजलं की जावानीज माणसाचं हसू म्हणजे होकार नसतो. त्याला त्या वाक्यात ऐकू येतं की तुम्ही जे आहात ते तुम्ही नाही.

जोग्जात पैगंबरांच्या जन्मदिनी राजवाड्यातून भाज्या, शेंगा, तांदळाच्या पदार्थांचे डोंगर रचून मशिदीकडे नेतात. त्याआधी आठवडाभर मशिदीच्या आवारात गामेलान, म्हणजे तिथला घंटा-झांजांचा वाद्यवृंद, वाजतं. लोक त्या डोंगरावर तुटून पडतात, हाताला लागलेली चवळीची शेंग शेतात पुरतात. यात हिंदू किती, मुसलमान किती, असं मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं होतं, पहिल्या वर्षी. त्याने मला शेंग दिली आणि म्हणाला, पाऊस बरा पडतो.

दशग्रंथी

मेरापीच्या पल्याड, 'आधी हिंदू होता' हे वाक्य मीही बोललोय. आमच्या टॅक्सीवाल्याला. तोही हसला होता आणि मी ते होकार समजलो. हे तुमच्याकडून ऐकायला हवं होतं, ऐकलं. ते वाक्य मी परत म्हणणार नाही.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. प्रंबाननला शिवाच्या देवळात दक्षिणेला अगस्त्य आहे. तो तिथे पाहिल्यावर छातीत जे हललं ते लपवून मी निव्वळ परक्यासारखा उभा राहू शकत नाही, आणि राहूही नये. कर्ली काठ म्हणतात तसं सगळ्यांनी लावून घेतलं असेल, पण रोप कुठून आलं हे आठवण्यात गुन्हा नाही.

निळी छत्री

गुन्हा नाही. फक्त वाटाड्याची गोष्ट आधी पूर्ण होऊ द्या, मग अगस्त्याचं सांगा. मी क्रम चुकवला होता.

कर्ली काठ

दशग्रंथी, आईंना घेऊन एकदा पिंगुळीला या. दुपारी या, खेळ संपल्यावर चित्रकथीच्या पोथ्यांची जुनी चित्रं हातात धरून बघता येतील.

दशग्रंथी

नक्की येतो. काल रात्री आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. सेमारचं ऐकलं, शेंगेचं ऐकलं, काही बोलली नाही. द्रौपदीला तिकडे एकच नवरा आहे हे सांगितल्यावर मात्र वाती वळता वळता थांबली आणि म्हणाली, "बरं केलं हो त्यांनी. सुटली बिचारी."