मदत हवी आहे: जुने, पण वेगवान मणिपुरी सिनेमे सुचवा

नमस्कार मंडळी,

'इमागी निंगथेम' (१९८१) आणि 'इशानौ' (१९९०) पाहून झाले. मला दोन्ही फार आवडले, पण घरात आता मणिपुरी म्हटलं की एकेकाला कामं आठवतात. दोन्हींचे दिग्दर्शक अरिबम श्याम शर्मा, आणि त्यांचा कॅमेरा कसलीच घाई करत नाही. 'इशानौ'मधली तांफा चांगला चाललेला संसार सोडून मायबी (मैतेई पुजारीण) व्हायला निघते, ते त्या संथपणामुळेच अंगावर येतं. बाकीच्यांना कोण सांगणार!

तर १९७२च्या 'मतमगी मणिपूर'पासून डिजिटल कॅमेरे येईपर्यंतच्या काळातले, म्हणजे रिळांवरचे, असे कोणते सिनेमे आहेत ज्यांत गोष्ट पळते? मारामारीच हवी असं नाही. गैरसमज, भानगडी, विनोद, काहीही चालेल.

असे सिनेमे असणार असं वाटायला कारण आहे. आपल्यापर्यंत पोचतात ते महोत्सवांतून गाजलेले. 'इमागी निंगथेम'ला १९८२ साली फ्रान्समधल्या नांतच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं, 'इशानौ' १९९१ साली कानला गेला. पण याच दिग्दर्शकाचा 'लम्जा परशुराम' (१९७४) मणिपुरात शंभर दिवस चालला आणि 'ओलांगथागी वांगमदसू' तर तब्बल ३२ आठवडे! तिथे त्याने 'शोले'लाही मागे टाकलं म्हणतात. जांभया द्यायला कोणी इतके आठवडे तिकिटं काढत नाही.

इंग्रजी सबटायटल्स असलेली प्रत कुठे मिळेल? आणि पुण्यात लॉ कॉलेज रोडच्या चित्रपट संग्रहालयात अर्ज करून कोणी असं काही पाहिलंय का?

प्रतिसाद १

'ओलांगथागी'पासूनच सुरुवात करा. लेखन एम. के. बिनोदिनी देवींचं आहे. प्रेमकथा आहे, त्यामुळे घरचे निदान उठून जाणार नाहीत.

मात्र निव्वळ धावपळीचे सिनेमे त्या काळात फार सापडणार नाहीत. छोटं राज्य, मोजकी थिएटरं, पैसा कमी. वर्षाला एखादा सिनेमा झाला तरी पुष्कळ. धांदल, टाळ्या, हशा हे सगळं शुमांग लीला या मणिपुरी लोकनाट्यात होतं. अंगणात मधोमध खेळ आणि चारही बाजूंना प्रेक्षक. तिथे रेंगाळून चालत नाही.

तुमची रिळांची अट थोडी सैल करा. २००० साली एका सशस्त्र संघटनेने मणिपुरात हिंदी सिनेमांवर बंदी घातली आणि थिएटरं ओस पडली. ती पोकळी व्हिडिओवर काढलेल्या सिनेमांनी भरली. २००२चा 'लम्मेई' त्यातला पहिला मानतात. तुम्हाला हवा तो मसाला त्यानंतरच्या सिनेमांत आहे. चित्र जरा धुरकट, पण गोष्ट थांबत नाही.

जुन्या प्रतींसाठी मणिपूर स्टेट फिल्म डेव्हलपमेंट सोसायटीला मेल करून बघा. त्यांनी मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनबरोबर 'इशानौ' पुनरुज्जीवित केला आणि तो २०२३ साली कानच्या क्लासिक्स विभागात दाखवला गेला. बाकीच्या प्रतींची काय अवस्था आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

धागाकर्ता

आभारी आहे. मेल करतो. अट सैल केली, फक्त सबटायटल्सची सोडत नाही. २००२ नंतरचे दोन-तीन सिनेमे नावानिशी सांगाल का?