जांभ्याच्या घरात नेट: लॅनची वायर ओढू, की वायफायवरच भागवू?

ओटीवरचं_ऑफिस:
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात सासरी राहून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. दिवसभर ग्राहकांचे कॉल आणि स्क्रीन शेअरिंग. घर जुनं, कौलारू, जांभ्याच्या भिंती फूटभर तरी जाड. फायबरची वायर ओटीवरून आत आली म्हणून राउटर तिथेच लावलाय. मी बसते माजघराच्या पलीकडच्या खोलीत, म्हणजे मध्ये दोन भिंती. वायफायच्या दोन कांड्या दिसतात, यूट्यूब नीट चालतं, पण कॉलवर मला समोरच्याचं सगळं ऐकू येतं आणि माझा आवाज तिकडे तुटतो. प्लॅन ५० एमबीपीएसचा आहे. कस्टमर केअर म्हणतं १०० चा घ्या. दीर म्हणतात मेश घे, म्हणजे वायफाय पुढे पोचवणारे एकमेकांशी जोडलेले दोन-तीन डबे. ह्यांचं म्हणणं, मोबाईल टॉवरवरून नेट घेणारा ५जीचा डबा घेऊ, अँटेना छपरावर, वायरची कटकटच नको. सासऱ्यांना भिंतीला भोक पाडलेलं चालणार नाही, आणि मला त्यांचं पटतं, घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं आहे. ओटीवर बसले तर येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता. नोकरी टिकवायची आहे, नीट सल्ला द्या.

फ्लॅट_नंबर_सात:
राउटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावं दिसत असतील तर ५ वाल्याला जोडून बघा. आमच्याकडे पुण्यात शेजाऱ्यांची इतकी वायफाय आहेत की २.४ वर काही चालतच नाही. ५ वर गेल्यापासून त्रास नाही.

क्रिंपिंगवाला:
ताई, फ्लॅटमध्ये ५ गिगाहर्ट्झ उत्तम, विटांची चार इंची भिंत ते पार करतं. जांभ्यात नाही. चिऱ्यात लोह भरपूर, त्यात दगड सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी पितो. ५ चा सिग्नल दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचला तरी नशीब. तुमच्या खोलीत २.४ च लागणार, आणि तेही अर्धमेलं.

मी चिपळूण ते राजापूर पट्ट्यात घरोघरी वायरी ओढायचं काम करतो, त्यामुळे सांगतो: आधी पैसे खर्च करू नका, आधी दोष कुठे आहे ते पकडा. लॅपटॉप ओटीवर न्या, राउटरला लॅनच्या वायरने जोडा आणि तिथून एक कॉल करा. आवाज स्वच्छ गेला तर बाहेरची लाईन ठणठणीत आहे, १०० चा प्लॅन घेऊन काडीचा फरक पडणार नाही. व्हिडिओ कॉलला ४ एमबीपीएस पुरतात. मग आतल्या खोलीत वायफायवर बसून राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, म्हणजे राउटरला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजा. बऱ्याच घरांत तो पत्ता १९२.१६८.१.१ असतो. वायरवर आकडा १ मिलिसेकंदाच्या आसपास राहतो. वायफायवर तो मध्येच २००-३०० वर उडत असेल किंवा टाइमआउट येत असेल, म्हणजे उत्तरच येत नसेल, तर चोर तुमच्या घरातच आहे.

यूट्यूब चालतं आणि कॉल तुटतो याचं कारण सांगतो, कारण हे कस्टमर केअरवर कोणी सांगत नाही. यूट्यूब पुढचा व्हिडिओ आधीच उतरवून ठेवतं, मध्ये दोन सेकंद खंड पडला तरी कळत नाही. कॉलमध्ये उशिरा आलेला आवाज फेकूनच द्यावा लागतो. त्यात राउटरच्या मानाने लॅपटॉपचा आणि मोबाईलचा सिग्नल कमजोर. राउटरचं तुमच्यापर्यंत येतं, तुमचं राउटरपर्यंत जाताना भिंतीत मरतं. म्हणून तुम्हाला सगळं ऐकू येतं आणि तुमचाच आवाज तुटतो.

मेशबद्दल: दुसरा डबा पहिल्याशी हवेतूनच बोलणार असेल तर त्यालाही त्याच भिंती आडव्या येणार. मेश घ्यायचाच तर दोन डब्यांमध्ये वायर हवी, आणि वायर ओढलीच तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला. जी वस्तू एका जागी बसते तिला मी वायरच देतो: कामाचा लॅपटॉप, टीव्ही. मोबाईलला वायफाय.

ओटीवरचं_ऑफिस:
दादा, दोन्ही करून पाहिलं. ओटीवर वायरने कॉल अगदी स्वच्छ, समोरच्या बाईंनी स्वतःहून विचारलं आज ऑफिसात आलात का. आतून पिंग लावल्यावर दहा ओळींत तीन टाइमआउट. म्हणजे भिंतच. पण भोक न पाडता वायर आत न्यायची कशी?

चाकरमानी_मुंबई:
५जीबद्दल एक सांगतो. आमच्या गावी गुहागरकडे तसा डबा घेतला आहे, एरवी छान चालतो. गणपतीत सगळी मुंबई गावात उतरली की त्याच टॉवरवर शेकडो मोबाईल येतात, संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागत नाही. जिथे फायबर पोचलेलंच नाही तिथे हा डबा मोठा आधार आहे, वाडीवस्तीवर तर देवच. पण दारात फायबर असताना ते सोडू नका, निदान ऑफिसच्या कामासाठी तरी.

क्रिंपिंगवाला:
बरोबर. आणि ताई, ५जीचा डबा घेतला तरी घरातल्या दोन भिंती तिथेच राहणार. हे लोकांच्या लक्षात येत नाही.

आता भोकाचं. कौलारू घरात आतल्या भिंती बहुधा थेट कौलांना भिडत नाहीत, वरती वाशांखाली फट असते. पोटमाळ्यावर चढून बघा, वायर भिंतीवरून पलीकडे टाकता येते. सासऱ्यांच्या एकाही चिऱ्याला धक्का लागणार नाही. मात्र वायर उघडी टाकू नका, माळ्यावर उंदीर असतात, रात्रीत कुरतडतात. पीव्हीसी पाइपातून न्या, आणि त्याच पाइपात लाईटची वायर घालू नका.

वायर कॅट-६ घ्या, शुद्ध तांब्याची. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी स्वस्त वायर भरपूर विकली जाते. दुकानातच टोकाची एक तार ब्लेडने खरवडायला सांगा. आत चंदेरी दिसलं तर परत ठेवा, ती वाकवल्यावर तुटते. लांबीची काळजी नको, १०० मीटरपर्यंत गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, जातं. दोन्ही टोकांना जॅक एकाच क्रमाने लावायचे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. लॅपटॉपवर वेग १००० ऐवजी १०० दिसला तर आधी राउटरचं पोर्ट गिगाबिट आहे ना ते बघा. ते असेल तर आठांपैकी एखादी तार बसलेली नाही, जॅक कापून पुन्हा लावायला लावा.

जुना राउटर घरात पडला असेल तर आतल्या खोलीत तो लावा. वायर त्याच्या लॅन पोर्टमध्ये, डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटायचं काम, ते ओटीवरचा राउटर करतोच) बंद, पत्ता बदलून १९२.१६८.१.२. लॅपटॉप त्याच्या दुसऱ्या पोर्टला वायरने, आणि मोबाईलला तिथे नवं वायफाय. नवीन काही विकत घ्यायला नको.

लाईट जाते तेव्हाचंही बघून ठेवा. फायबरच्या वाटेत वीज लागत नाही, त्यामुळे तुमच्याकडचे डबे चालू राहिले तर गावात अंधार असतानाही नेट बहुतेक वेळा चालतं. राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलेलं असेल तर तेवढ्याचा मिनी यूपीएस मिळतो. जुन्या राउटरचा व्होल्टेज वेगळा असू शकतो, तो वाचूनच जोडा.

ओटीवरचं_ऑफिस:
फट आहे! सासरे स्वतः शिडी लावून चढले आणि सुतळीने मोजून उतरले, सतरा मीटर भरतंय. एकच विचारते, पुढेमागे गोठ्याच्या माडीवर कामाची खोली करायचा विचार आहे, अंगण ओलांडून. तिथेही हीच वायर चालेल का?

क्रिंपिंगवाला:
अंगणावरून तांब्याची वायर नको. वळवाच्या आणि परतीच्या पावसात जवळपास वीज पडली की तो झटका वायरीतून दोन्हीकडची यंत्रं घेऊन जातो. तिथे फायबरच टाका, काचेतून वीज वाहत नाही, फक्त आत लोखंडी तार नसलेली घ्या. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅनची वायर यांची सांगड घालणारे डबे, लागतील. घरातल्या वायरीसाठी वीस मीटर घ्या, वळणांना आणि जॅकला लागतं.